आयडी बंद

गेल्या शनिवारची गोष्ट. बाहेर धो धो पाऊस, घरात आम्ही दोघंच, आणि स्वयंपाकाचा दोघांनाही कंटाळा. पुढे काय झालं ते सांगायला नकोच. बायको म्हणाली सुद्धा, "एवढ्या पावसात कशाला कुणाला पळवायचं? खिचडी टाकू." मी म्हटलं, "अगं, पावसात त्यांना जास्त पैसे मिळतात." (हे कुठे वाचलं होतं देव जाणे, पण गेली पाच वर्षं प्रत्येक पावसाळ्यात हे वाक्य मी म्हणतो.)

तर जेवण आलं. विशीतला पोरगा, रेनकोटातून पाणी गळतंय. पिशवी दिली, पण हलेना. मोबाईलकडे बघत तसाच उभा. मला वाटलं, ह्याला पाच स्टार हवेत. तेवढ्यात म्हणाला, "सर, तुम्ही आयटीत आहात का? जरा हे काय म्हणतंय बघता का?"

(खराडीत कुठल्याही दारात उभं राहून 'आयटीत आहात का' विचारलं तर उत्तर काय येणार? पण तो गंमत करत नव्हता.)

मोबाईल घेतला. स्क्रीनवर इंग्रजीत दोन ओळी. 'संशयास्पद हालचाल' आढळल्यामुळे आपलं खातं तात्पुरतं स्थगित करण्यात येत आहे, वगैरे. खाली मदतीचं बटण. ते दाबलं तर चॅटबॉट. त्याने चार पर्याय दिले, चारही भलतेच. एक निवडला, तर म्हणाला आपली अडचण दूर झाली असेल अशी आशा आहे, कृपया रेटिंग द्या. पुन्हा सुरुवातीपासून केलं, पुन्हा तेच. फोन नंबर कुठेच नाही. माणूस कुठेच नाही.

"आयडी बंद पडला म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे आता ऑर्डर येणार नाही, सर. शनिवार-रविवारचंच खरं मिळतं. टार्गेट पुरं झालं तरच वरचे पैसे. आज सहा ऑर्डर राहिल्या होत्या."

पोरगा हिंगोलीकडचा. इकडे चौघांत एक खोली, दिवसा अभ्यास, संध्याकाळी हे. पाच तारखेला गाडीचा हप्ता. त्याला आत बोलावलं, टॉवेल दिला, चहा टाकला. हे सगळं मी फार चांगला माणूस आहे म्हणून केलं असं समजू नका. मला घाम फुटला होता. कारण 'संशयास्पद हालचाल' म्हणजे काय, हे त्याला माहीत नव्हतं, पण मला बऱ्यापैकी माहीत होतं. ह्या कंपनीसाठी नाही, पण असाच एक नियम मी स्वतः लिहिलेला आहे.

*

२०१९ साली मी एका अशाच डिलिव्हरीच्या धंद्यातल्या कंपनीत होतो. नाव सोडा. तेव्हा काही जण लोकेशन खोटं दाखवणारी ॲप वापरायचे. घरी बसून हॉटेलसमोर उभं असल्याचं दाखवायचं, म्हणजे ऑर्डर लवकर मिळते. हे पकडायचं काम माझ्याकडे आलं. सोपं होतं. फोन दर काही सेकंदांनी आपली जागा कळवतो. दोन जागांमधलं अंतर भागिले वेळ, म्हणजे वेग. वेग ताशी १२० किलोमीटरच्या वर गेला की समजायचं, हा खोटा आहे. कारण पुण्याच्या रस्त्यावर १२० ने जाणारी दुचाकी अजून जन्माला यायची आहे! हे सगळ्यांना फार आवडलं. मिटिंगमध्ये हशा वगैरे.

पण जीपीएसचं एक आहे. उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि फोनला आपण पलीकडच्या गल्लीत आहोत असं वाटतं. स्वस्तातला फोन असेल, बॅटरी वाचवायचा मोड चालू असेल, तर मधली दोन मिनिटं जागाच कळत नाही. मग एकदम टॉवरवरून अंदाजपंचे काहीतरी कळतं आणि नकाशावरचा ठिपका टुणकन उडी मारतो. माणूस सिग्नलला उभा असतो आणि माझ्या हिशेबात तो १८० ने चाललेला असतो. आणि स्वस्तातला फोन कुणाकडे असतो, हे वेगळं सांगायला नको.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं का? होतं. कोड रिव्ह्यूमध्ये मित्राने विचारलंही, "चुकून किती पकडले जातील?" मी थोडा डेटा घेऊन चालवून बघितलं. "अर्धा टक्का." तो म्हणाला, "चालेल." संध्याकाळी प्रॉडक्शनला गेलं. डॅशबोर्डवर ९९.५ टक्के अचूक असा हिरवागार आकडा. त्या तिमाहीत माझं कौतुक झालं, एक कपही मिळाला. त्यात मी अजून कॉफी पितो.

अर्धा टक्का म्हणजे हजारात पाच. रस्त्यावर ४०,००० पोरं असतील तर २००. दोनशे जणांचा आयडी बंद, आणि का ते त्यांना कळणार नाही, कारण 'नियम सांगितला तर लोक पळवाट काढतील'. हे वाक्यही माझंच.

आता आपण सगळे शिकलेसवरलेले लोक आहोत, दुष्ट नाही. मग असं का होतं? मी ह्यावर रविवारभर डोकं खाजवलं आणि एक साधी गोष्ट सापडली. माझा नियम चुकला की कंपनीचा एक रुपयाही जात नव्हता. पोरगा घरी बसला तर त्याला पैसे द्यायचे नव्हते. त्याच्या जागी दुसरा ऑर्डर घेऊन जायचा. चूक माझी, भुर्दंड त्याला. त्याऐवजी, चुकून बंद केलेल्या प्रत्येक आयडीमागे कंपनीला त्याच्या एका दिवसाची कमाई द्यावी लागली असती, तर? तर दुसऱ्याच सोमवारी प्रॉडक्ट मॅनेजर माझ्या टेबलाशी उभा असता, "अर्धा टक्का म्हणजे काय? कमी कर." आणि मी तो कमी केला असता. जमणारं होतं. नुसतं दोनदा-तीनदा उडी दिसेपर्यंत थांबायचं होतं आणि बंद करण्याआधी एका माणसाने बघायचं होतं. पण ज्या बगमुळे आपल्याला काही होत नाही, तो बग बॅकलॉगमध्ये सुखाने म्हातारा होतो. आपल्या धंद्यातलं हे सत्य तुम्हीही जाणता.

*

तुम्ही म्हणाल, ते जुनं झालं, आता तू एआयमध्ये आहेस. हो ना. आता तर मज्जाच आहे.

मॉडेलला शिकवायला माणसं लागतात. कुणीतरी हजारो वाक्यं वाचून प्रत्येकापुढे लिहावं लागतं, हे कौतुक आहे, हा राग आहे, ही शिवी आहे. ही माणसं नोकरीला नसतात. वाक्यामागे काही पैसे. ही पद्धत काही आजची नाही. ॲमेझॉनने २००५ साली 'मेकॅनिकल टर्क' सुरू केलं. ते नाव अठराव्या शतकातल्या एका बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रावरून घेतलेलं, ज्याच्या पोटात माणूस लपलेला असायचा. त्यात काम देणाऱ्याला काम पसंत पडलं नाही तर ते नाकारता येतं आणि पैसे द्यावे लागत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये 'टाइम' मासिकाने छापलं होतं की, चॅटजीपीटीमागच्या ओपनएआयसाठी घाणेरडा, हिंसक मजकूर वाचून त्यावर खुणा करण्याचं काम केनियातली माणसं तासाला २ डॉलरपेक्षाही कमी पैशात करत होती. ते वाचून आम्ही जेवणाच्या सुट्टीत हळहळलो होतो. केनिया लांब आहे, हळहळायला बरं पडतं.

आमच्याकडे मराठी वाक्यांचं काम चालू होतं. एक वाक्य तिघांना द्यायचं, दोघांचं जमलं की ते बरोबर. तिसऱ्याचं नापास. नापास कामाचे पैसे नाहीत, आणि नापासाचं प्रमाण वाढलं की, ओळखा पाहू... आयडी बंद. एकदा मी सहज नापास झालेली वाक्यं चाळत होतो. वाक्य होतं, "वा, फारच दिवे लावलेस!" दोघांनी लिहिलेलं, कौतुक. एकीने लिहिलेलं, टोमणा. आणि आमच्या हिशेबाने ती चुकली होती!

आता बोला. ज्या एकटीला मराठी येत होतं तिचेच पैसे कापले. बाकीचे दोघे बहुधा भाषांतर करून बघत होते, आणि भाषांतरात दिवे खरोखरचे लागतात. पुढे बघितलं तर तिची अशी एकोणीस वाक्यं निघाली. एकोणीसपैकी सतरा तिचीच बरोबर. ती कोण, कुठली, मला माहीत नाही. माझ्यासाठी ती एक आठ आकडी नंबर आहे. तिच्यासाठी मी तेवढाही नाही.

इथेही तेच. चूक आमची, भुर्दंड तिला.

*

आता थोडं घरचं सांगतो. माझे आजोबा मुंबईत मसजिद बंदरला माथाडी होते. जावळीतलं गाव, डोंगरउतारावरची नाचणी, त्यावर घर चालेना म्हणून मुंबई. एका खोलीत वीस-पंचवीस जण, झोपायच्याही पाळ्या. माथाडी म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारा. क्विंटलची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं.

साधारण १९६५ ची गोष्ट असेल. पावसात फळीवरून पाय घसरला, घोट्याचं हाड मोडलं. दोन महिने गावी. कुणी एक पैसा दिला नाही. का द्यावा? व्यापारी म्हणायचा, ही माणसं मुकादमाची. मुकादम म्हणायचा, मी कोण देणारा, मीही हमालच. सकाळी ह्या पेढीचा ट्रक, दुपारी त्या पेढीचा. दिवसाला पाच मालक म्हणजे एकही मालक नाही. आजोबा हे सांगायचे तेव्हा आवाजात राग नसायचा. "आरं, तवा तसंच असायचं," एवढंच. परत आले तेव्हा टोळीत त्यांच्या जागी दुसरा होता.

ह्याच गोष्टीला आपण आज 'पार्टनर', 'प्लॅटफॉर्म' आणि 'फ्लेक्झिबिलिटी' म्हणतो. पाहिजे तेव्हा काम करा, कुणी साहेब नाही. आजोबांनाही कुणी साहेब नव्हता!

मग अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्या माथाडी संघटनेच्या लढ्यातून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. इकडे पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. (बाबा २०२५ च्या डिसेंबरात गेले, ९५ वर्षांचे होऊन.) त्या कायद्यातली आयडिया मला इंजिनिअर म्हणून अफाट वाटते. खरा मालक कोण, हा वादच त्यांनी बाजूला ठेवला. मध्ये एक बोर्ड आणलं. कामगारांची नोंदणी बोर्डाकडे, व्यापाऱ्यांचीही बोर्डाकडे. ज्याचा माल उचलला त्याने मजुरी बोर्डाकडे भरायची, आणि त्यावर काही टक्के लेव्ही. बोर्ड कामगाराला पगार देणार, आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, औषधपाणी. आज ह्या पेढीवर, उद्या त्या पेढीवर, तरी हिशेब एकाच पासबुकात. कामगारावर कारवाई करायची तर त्याची रीत लिहिलेली, आधी त्याचं म्हणणं ऐकायचं, मग अपील. आजोबांकडे बोर्डाचं ओळखपत्र होतं. म्हणजे आयडी त्यांचाही होता. फक्त तो बंद करायला कुणाला तरी समोर बसून कारण सांगावं लागलं असतं.

बाबांच्या डिप्लोमाची फी आजोबांनी फंडातून उचल घेऊन भरली. बाबांना कारखान्यात नोकरी लागली, मी इंजिनिअर झालो. म्हणजे कुणीतरी कांदे-बटाटे, मिरची, गूळ उतरवून घेताना मजुरीवर जी लेव्ही भरली, त्यातून मी आज एसीत बसलोय. आणि बसून काय केलं, तर बोर्ड नसलेल्या पोरांचे आयडी बंद करायचा नियम लिहिला.

माथाडी बोर्डांचं सगळं गोड गोड आहे असं मी म्हणत नाही. बोगस माथाडी, खंडणीच्या तक्रारी, हे पेपरात येतंच असतं. जिथे पैसा गोळा होतो तिथे मुंगळे येतात. पण ५० वर्षांहून जास्त काळ हजारो व्यापाऱ्यांकडून पैसे गोळा करून हिशेब ठेवणं जर कागदावर जमलं, तर ज्या कंपन्यांच्या सर्व्हरवर प्रत्येक ऑर्डर सेकंदासकट नोंदलेली आहे त्यांना हे 'टेक्निकली अवघड' आहे, असं मला कुणी सांगू नये. मी तिथे होतो. अवघड नाहीये.

कायदेही आता हळूहळू तिकडेच चाललेत. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात देशात २०२०-२१ साली ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांची पहिल्यांदा व्याख्या आली. ती लागू व्हायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडलं. त्यात कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के सामाजिक सुरक्षा निधीत भरायचे आहेत, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंतच. राजस्थानने २०२३ मध्ये स्वतःचा कायदा केला, कर्नाटकाने २०२५ मध्ये. कर्नाटकाच्या कायद्यात खातं कायमचं बंद करण्याआधी लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस आहे. युरोपीय संघाचा २०२४ चा निर्देश तर सरळ सांगतो की, खातं स्थगित किंवा बंद करण्याचा निर्णय माणसानेच घ्यायचा. त्यांच्या देशांना त्यासाठी डिसेंबर २०२६ पर्यंतची मुदत आहे.

पण कायदा येईपर्यंत आणि आल्यावरही नियम लिहिणारे आपणच असतो. तिकीट आपल्या नावावर पडतं.

म्हणून सोमवारी ऑफिसात मी तीन गोष्टी मांडल्या. एक, नाकारलेल्या वाक्याचेही पैसे द्यायचे, कारण चूक कुणाची हे आपल्याला माहीत नसतं. दोन, नाकारलं तर कारण कळवायचं, आणि 'मला हे मान्य नाही' असं लिहायला जागा द्यायची. तीन, कुणाचाही आयडी माणसाने बघितल्याशिवाय बंद करायचा नाही. चर्चा झाली. पहिली गोष्ट मान्य, पण पुढच्या बॅचपासून. दुसरी अर्धी मान्य, म्हणजे जागा देऊ, पण ते कोण वाचणार हे नंतर ठरवू. (सध्या मी वाचतोय, चहाच्या वेळात.) तिसरी 'स्कोपच्या बाहेर'. त्या बाईच्या सतरा वाक्यांचे पैसे मात्र काढायला लावले. एक साहेब म्हणाले, "एवढ्याशा रकमेसाठी एवढी मिटिंग?" मी म्हटलं, रक्कम एवढीशी आहे तर देऊन टाकू की!

शूरवीर वगैरे नाही. २०१९ चा माझा तो नियम बहुतेक अजून चालू असेल. तिथल्या जुन्या मित्राला मेसेज टाकलाय. त्याने अंगठा दाखवलाय, वरचा. बघू.

आणि तो पोरगा? त्या रात्री त्याच्यासाठी मी इंग्रजीत एक खणखणीत ईमेल लिहून दिला. त्यावर उत्तर आलं नाही. पण सहाव्या दिवशी आयडी आपोआप चालू झाला. खातं पूर्ववत केलं आहे, धन्यवाद. कारण नाही, गेलेल्या सहा दिवसांचे पैसे नाहीत. त्याने मला व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवला, वर हात जोडल्याचं चित्र. मी विचारलं, "पावसात खरंच जास्त मिळतात का रे?"

"मिळतात सर. पण टार्गेट पुरं झालं तर."

मग थोड्या वेळाने त्याचाच प्रश्न आला. "सर, परत बंद नाही ना होणार?"

मी बराच वेळ टाईप करत होतो, खोडत होतो. शेवटी लिहिलं, बॅटरी वाचवायचा मोड बंद ठेव. दुसरं काय सांगणार होतो?

असो. ह्या शनिवारी खिचडी केली. तुमच्यापैकी कुणाच्या कोडमध्ये असा एखादा अर्धा टक्का झोपलेला असेल तर सोमवारी जरा उठवून बघा. कुणाच्या खिशातून तो जातोय, एवढंच बघा.